अंबुबाईंची तुंगा

आईचं मृत्युपत्र वाचलं गेलं त्या दिवशी माझ्या भावजयीचा चेहरा पडला, आणि तो पडलेला बघून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? वकिलांच्या टेबलावर चहाचे कप होते, पंखा कुरकुरत होता, माझा भाऊ कार्तिकेय खाली मान घालून बसला होता, आणि माझ्या पोटात वीसेक वर्षं जे दुखत होतं ते अचानक थांबलं.

वकील सत्यनारायण आमच्या वडिलांच्या ओळखीचे. चामराजपुरमला त्यांचं ऑफिस आहे. माणूस सज्जन, पण बोलणार फक्त कन्नड. मराठीचा एक शब्द त्यांना कळत नाही. त्यांनी वाचलं ते असं: अग्रहारातलं राहतं घर, अर्धं माझा मुलगा कार्तिकेय याला आणि अर्धं माझी मुलगी तुंगा हिला. खाली आईची सही, अंबुबाई, आणि शेजारच्या दोघांच्या साक्षी.

मुलगी तुंगा म्हणजे मी. पण आज मला कुणी तुंगा म्हणत नाही. माझं नाव जयवंती. आणि तुंगा नावाची जी बाई त्या खोलीत होती, ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती: माझ्या भावाची बायको.

असा घोळ घालावा तर आमच्यासारख्या घरांनीच. आम्ही म्हैसूरचे जुने मराठी. बाहेर कन्नड, घरात मराठी, आणि तीही अशी की पुण्याच्या माणसानं ऐकली तर हसेल. रीतीभाती मात्र आम्ही पुण्यापेक्षा घट्ट धरून ठेवलेल्या. लग्न झालं की मुलीचं नाव बदलायचं, ही त्यातलीच एक. मी लग्न होऊन म्हैसुरातच कुवेंपुनगरला आले तेव्हा सासूबाईंनी सुनेचं नाव आधीच ठरवून ठेवलं होतं, सून कोण येणार हे ठरायच्याही आधी. मला विचारायचा प्रश्नच नव्हता. निघताना आईनं मला पट्टद गोंबे दिले, म्हणजे दसऱ्यात मांडायची लाकडी राजा-राणीची जोडी. म्हैसुरात आई लेकीला देते ती. बाहुल्या मला दिल्या आणि नाव घरी ठेवून घेतलं.

त्याचं तेव्हा काही वाटलं नव्हतं. वाटलं ते कार्तिकच्या लग्नात.

कार्तिकला मुलगी केली साताऱ्याची. तिचा भाऊ नोकरीसाठी म्हैसुरात आला होता, त्याच्या ओळखीतून जमलं. ईश्वरी तिचं नाव. गोरी, उंच, आणि मराठी बोलायला लागली की आमचे सगळे काका-मामा तोंडाकडे बघत बसायचे. लक्ष्मीपूजनाच्या वेळी तांदळाचं ताट मी मांडीवर धरलं होतं. नवरदेवानं सोन्याच्या अंगठीनं तांदळात बायकोचं नवं नाव लिहायचं. आई त्याच्या कानाशी वाकून काही पुटपुटली, आणि माझ्या मांडीवरच्या ताटात माझ्या भावानं लिहिलं, तुंगा.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात ताटात अडकले होते म्हणून, नाहीतर ते तांदूळ मी तिथंच उधळले असते.

स्वयंपाकघरात आईला गाठलं. "हे काय केलीस? माझं नाव तिला?"

आई पानं वाढत होती. वर न बघता म्हणाली, "अगं, सवय लागलीय की जिभेला. तू गेलीस तरी मी दिवसभर तुंगा तुंगा म्हणून ओरडत असतंय. हाक मारली तर ओ म्हणायला घरात कोणीतरी पाहिजे, अल्लवा?"

झालं. एवढ्यावर विषय संपला. त्या दिवसापासून तुंगा म्हणजे ती. मला आई नुसतं 'अगं' म्हणायला लागली. जयवंती हे नाव तिच्या तोंडात कधी बसलंच नाही, आणि तुंगा तर देऊन टाकलेलं. मीही हट्टाची. भावजयीला मी तुंगा म्हणून कधी हाक मारली नाही, एकदाही नाही. 'अगं', 'हिला', 'तिला', 'कार्तिकची बायको'. तिनं मला पहिल्या दिवसापासून 'वन्सं' म्हटलं, अगदी गोड आवाजात. तो गोडवा माझ्या कानाला कधी सोसला नाही.

आणि बाई गुणाची निघाली, हे तर त्याहून वाईट. दोष असता तर मी चार दिवस बोलून मोकळी झाले असते. आईच्या हातची हुळी, म्हणजे आमचं सांबार, ती आईपेक्षा चांगली करायला शिकली. आई तिच्याशी बोलताना शब्द जपून वापरायची, मधले कन्नड शब्द गिळायची, जणू पाहुणी आली आहे आणि घर आवरून ठेवायचं आहे. माझ्याशी बोलताना कसलं आवरणं नि कसलं काय. मी रविवारी जायची, तर या दोघी पायरीवर बसून शेंगा निवडत असायच्या आणि मी आले की आई म्हणायची, "ये गं, बस." बस! माझ्याच घरात मला बस म्हणायची. मग शेजारणी आल्या की ठरलेलं वाक्य यायचं, "ही सून नव्हे, माझी मुलगीच." मी तिथंच बसलेली असायची. मग मी कोण, असं एकदा तरी विचारायला हवं होतं. पण मी मूग गिळून बसायची आणि घरी येऊन नवऱ्यावर ओरडायची.

आईचं कंबरेचं हाड मोडलं तेव्हापासून तिचं सगळं हिनंच केलं. आंघोळ, वेणी, औषधं. मी शाळेत शिकवते, मला सुट्टी मिळेल तेव्हाच मी जाणार. गेले की आईची वेणी घालायला बसायची, तर आई म्हणायची, "राहू दे, सकाळीच घातलीय तिनं." तेलाचा वास यायचा केसांना. मला तो वाससुद्धा नकोसा झाला होता.

शेवटच्या आठवड्यात तर कहरच झाला. आईला ग्लानी होती. डोळे मिटलेले. मी खाटेच्या एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला. आई म्हणाली, "तुंगा." आम्ही दोघी एकदम उठलो. एकदम! मी पाण्याचं भांडं घेईपर्यंत तिचा चमचा आईच्या ओठाला लागलासुद्धा. आईनं पाणी घेतलं. डोळे उघडलेच नाहीत. त्या हाकेनं आई गेल्यावरही माझी पाठ सोडली नाही. कुणाला मारली होती ती? विचारणार कुणाला?

म्हणून वकिलांनी 'माझी मुलगी तुंगा' वाचलं तेव्हा मला घर मिळाल्याचा आनंद झाला नाही, उत्तर मिळाल्याचा झाला. घर काय, कार्तिकच तिथं राहणार आहे, मला कुठं भिंत घालायची आहे? पण अंबुबाईंची तुंगा मी, ती नव्हे, हे चार लोकांत, शिक्क्यानिशी, आईच्या सहीनं सिद्ध झालं होतं.

माझा नवरा रघूत्तम याला मुंबईच्या चुलतभावानं सांगून ठेवलं होतं की कोर्टातून प्रोबेट आणल्याशिवाय मृत्युपत्राला काडीची किंमत नाही. त्याच्या सांगण्यावरून मी ते वकिलांना विचारलं. सत्यनारायण हसले. म्हणाले, "ते मुंबईकडचं. इथं आपल्याला त्याची सक्ती नाही. तुमच्यात भांडण नसेल तर कोर्टाची पायरीही चढायला नको. महसूल ऑफिसातून वंशवृक्षाचा दाखला आणा, म्हणजे मागं कोण कोण वारस आहेत ते कळेल. मग मृत्युपत्र आणि मृत्यूचा दाखला लावून महानगरपालिकेत खातं बदलायचं. घराच्या खात्यावर अम्मांच्या जागी तुम्हा दोघांची नावं येतील. एकच अडचण आहे."

अडचण मला माहीत होती. ती माझ्या शेजारीच बसली होती.

"मृत्युपत्रात तुंगा," वकील म्हणाले, "आणि तुमच्या आधारवर जयवंती. त्याच घराच्या रेशनकार्डावर दुसरी तुंगा. खातं बदलणारा माणूस विचारणारच. तुमचं एसएसएलसीचं, दहावीचं, मार्क्सकार्ड आहे ना जुन्या नावाचं? ते लावू. तुम्ही एक प्रतिज्ञापत्र द्या की जयवंती आणि तुंगा एकच. आणि यांनी एक द्यावं की मृत्युपत्रातली तुंगा मी नव्हे."

मी भावजयीकडे बघितलं. ती पदराच्या टोकाला गाठ मारत होती. "देईन की," ती म्हणाली. मग मराठीत कार्तिकला म्हणाली, "मी बाहेर थांबते, इथं गरम होतंय." आणि उठून गेली.

मी मात्र उठले नाही. वकिलांनी दोन्ही मसुदे तोंडानं सांगितले, त्यांची टायपिस्ट बडवत होती. भावजयीच्या कागदात त्यांनी एवढंच घातलं की मृत्युपत्रात उल्लेख असलेली तुंगा ती मी नव्हे आणि त्या वाट्यावर माझा हक्क नाही. मी म्हटलं, "अजून एक वाक्य घाला. मी, तुंगा, कैलासवासी अंबुबाई यांची मुलगी नाही."

वकिलांनी चष्मा वर केला. "गरज नाही, अम्मा. त्यातच आलं ते."

"आलं असलं तरी घाला. उगाच नंतर शंका नको."

कार्तिक पहिल्यांदाच बोलला. "अक्का, सुम्ने उगाच कशाला? ती काय मागतेय का तुझ्याकडं?"

"तुला काय त्रास होतोय? खरं नाहीये का ते?"

"खरं आहे की."

"मग?"

त्यानं पुन्हा मान खाली घातली. लहानपणापासून तसाच आहे, मी आवाज चढवला की गप्प. वाक्य टाइप झालं. मला इतका आनंद झाला की येताना रघूत्तमसाठी देवराज मार्केटातून चांगले अंजीर घेतले. त्यानं अंजीर खाल्ले आणि विचारलं, "अर्धं घर मिळालं, आता तिच्याकडून अजून काय पाहिजे तुला?"

"ते वाक्य तिनं कबूल करायला पाहिजे. माझ्यासमोर."

"आणि मग त्याचं काय करणार? लोणचं घालणार?"

चेष्टा करायची सवयच आहे त्याला. त्याचं नाव कुणी बदललं होतं? जन्मल्यापासून रघूत्तम आहे, मरेपर्यंत रघूत्तम राहणार. त्याला काय कळतंय?

वंशवृक्षाचा दाखला आला. एका चौकटीत आई-वडील, त्यांच्याखाली दोन रेघा, एकीला कार्तिकेय, दुसरीला जयवंती. भावजय त्यात कुठंच नव्हती. मी तो कागद पुन्हा पुन्हा बघितला. बघायचं काहीच नव्हतं त्यात, पण बघत राहावंसं वाटायचं.

नोटरीकडे जायचा दिवस ठरला. कोर्टासमोरच्या गल्लीत एका नोटरीबाईंची खोली होती, टेबलावर शिक्के, मागं देवीचा फोटो, बाहेर झेरॉक्सचं दुकान. आम्ही तिघं गेलो. भावजय साधी सुती साडी नेसून आली होती. ती आईची होती, मी लगेच ओळखली. मेंदी रंगाची, बारीक काठांची. आईनं मला विचारलंही नव्हतं ती साडी हवी का म्हणून. सकाळी सकाळी डोक्यात सणक गेली.

आधी माझं प्रतिज्ञापत्र. नोटरीबाईंनी मार्क्सकार्ड बघितलं, पिवळं पडलेलं, जी. तुंगा, वडिलांचं नाव गंगाधरराव. "हे तुम्हीच ना?" त्यांनी विचारलं. "मीच," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. सही केली, शिक्का पडला. किती वर्षांनी मी पुन्हा तुंगा झाले होते, निदान कागदावर तरी. कार्तिकला नोटरीबाईंनी आधारच्या प्रती काढायला पाठवलं.

मग तिची पाळी. नोटरीबाईंनी तिच्याकडे कागद सरकवला आणि कन्नडमध्ये विचारलं, "वाचता येतं ना?"

भावजयीनं माझ्याकडे एकदा बघितलं. मग मान हलवली, नाही.

"मग असं सही घेता येणार नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या भाषेत तुम्हाला सगळं समजावून सांगितलं, असं मला खाली लिहावं लागतं. कुणीतरी सांगा त्यांना. यजमान कुठं गेले?"

"मी सांगते," मी म्हणाले. एवढी उतावीळ मी लाडू खायलासुद्धा कधी झाले नसेन. कागद ओढून घेतला. कन्नड वाचायचं आणि मराठीत सांगायचं. सुरुवात केली. "ही म्हणते की ही कार्तिकेय यांची बायको..."

"असं नाही," नोटरीबाईंनी मला थांबवलं. त्यांना थोडं मराठी कळत असावं, किंवा माझा बोटानं दाखवायचा सूर कळला असावा. "ही म्हणते, ती म्हणते असं नको. शपथेचा कागद आहे. कागदात 'मी' आहे, तसंच 'मी' म्हणून सांगा. एकेक वाक्य सावकाश."

बरं, मी म्हणून तर मी म्हणून. घसा साफ केला.

"मी, तुंगा, कार्तिकेय यांची पत्नी, राहणार अग्रहार, म्हैसूर, शपथेवर सांगते की," भावजय माझ्या तोंडाकडे बघत होती. "की कैलासवासी अंबुबाई यांच्या मृत्युपत्रात जिचा उल्लेख आहे ती तुंगा मी नव्हे."

इथंच मी जरा अडखळले. पण मी रेटलं. "त्या वाट्यावर माझा कसलाही हक्क नाही."

"पुढं," नोटरीबाई म्हणाल्या.

पुढं माझं वाक्य होतं. मी हट्टानं घालून घेतलेलं. कन्नडमध्ये, टाइप केलेलं, एका ओळीतलं वाक्य. वकिलांच्या ऑफिसात ते नुसता नियम वाटलं होतं. आता ते मला मराठीत म्हणायचं होतं, आमच्या स्वयंपाकघरातल्या भाषेत.

"मी, तुंगा," मी म्हणाले, "कैलासवासी अंबुबाई यांची..."

आणि जीभ हलेना.

मी तुंगा. खरंच मी तुंगा. आताच मार्क्सकार्ड दाखवून सही करून बसले होते. आणि शपथेच्या टेबलासमोर, आई जाऊन तिचं वर्षश्राद्धही झालं नव्हतं, मी माझ्याच तोंडानं म्हणणार होते की मी, तुंगा, अंबुबाईंची मुलगी नाही. हे दुसरीसाठी आहे, मी फक्त सांगते आहे, असं मनाला किती समजावलं. जमेना. आईला ऐकू गेलं तर, असा वेडा विचार आला.

"काय झालं? अक्षर लागत नाही का?" नोटरीबाईंनी विचारलं.

"वाचा ना, वन्सं," भावजय म्हणाली.

"मुलगी," मी म्हणाले आणि थांबले.

तिनं माझ्या हातातून कागद हळूच काढून घेतला. टेबलावर सरळ केला. आणि पहिल्या ओळीपासून घडाघडा कन्नड वाचायला लागली. अडखळणं नाही, काही नाही. नोटरीबाई थक्क. शेवटच्या वाक्यापाशी येऊन ती थांबली आणि कागद खाली ठेवला.

"येतं मला वाचायला," ती मराठीत म्हणाली. "आईंनी शिकवलं, दुपारी पेपर पुढ्यात घेऊन. हे म्हणाले, ते वाक्य तुम्ही मुद्दाम घातलंय. तुम्हाला ते म्हणता येतं का, तेवढं बघायचं होतं."

मला राग यायला हवा होता. एरवी माझा तिळपापड झाला असता. पण मी तिच्याकडे बघितलं तर ती पदराच्या टोकाला पुन्हा गाठ मारत होती, आणि मला कळलं की ही बाई गोड वगैरे काही नाही. हिच्याही पोटात वीसेक वर्षं काहीतरी दुखतं आहे.

"काय चाललंय?" नोटरीबाई म्हणाल्या. "सही करायची आहे की नाही?"

"एक मिनिट, मॅडम," ती त्यांना कन्नडमध्ये म्हणाली आणि पुन्हा माझ्याकडे वळली. "तुम्हाला वाटतं मी तुमचं नाव घेतलं. मला ते कधी मिळालंच नाही, वन्सं. आई तुंगा म्हणून हाक मारायच्या आणि पुढं गोष्ट तुमची सांगायच्या. तुंगाला हे आवडतं, तुंगाला ते खपत नाही. तुम्हाला कारलं आवडत नाही ना?"

"नाही."

"म्हणून आमच्या घरात कारलं होत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून एकदाही झालं नाही. मला फार आवडतं कारलं."

कारल्याचं कुणाला माहीत होतं?

"शेवटी शेवटी तर मी वेणी घालायला बसले की माझाच हात धरायच्या. म्हणायच्या, तुंगा, सासरी बरं आहे ना? नाव बदललं म्हणून राग नाही ना धरलास? मी म्हणायचे, नाही आई, राग नाही. तुमचं उत्तर मला माहीत नव्हतं. म्हणून मी माझं द्यायचे."

आता सांगते, त्या क्षणीसुद्धा मला काय वाटलं ते. हेवा वाटला. शेवटची हाक मला होती हे कळलं, आणि तरी हेवा वाटला. राग नाही ना धरलास, हा प्रश्न आईनं मला एकदा विचारला असता तर मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले असते. तो प्रश्न ऐकायला हिचे कान मिळाले. हाक माझी, गोष्टी माझ्या, प्रश्न माझा, आणि खाटेपाशी बसलेली ही. आणि हिला वाटत आलं की आपल्या वाट्याला काहीच आलं नाही. दोघी एकाच बाईवर जळत होतो, ती तांदळात लिहिलेली तुंगा.

मी नोटरीबाईंना म्हटलं, "शेवटचं वाक्य खोडा."

"खोडलं तर चालेल का तुमच्या वकिलांना?"

"तेच गरज नाही म्हणत होते. मीच घातलं होतं. खोडा."

बाईंनी पट्टी धरून ओळ मारली. शेजारी छोटी सही हवी म्हणाल्या. भावजयीनं केली. मग खाली मोठी सही, आणि शिक्का. कार्तिक प्रती घेऊन आला, कार्डांसकट टेबलावर ठेवल्या, दोघींचे चेहरे बघितले आणि शहाणपणानं परत बाहेर जाऊन रिक्षा शोधायला लागला. भावजय त्याच्यामागं निघाली. पदर खांद्यावर ओढून घेताना आईच्या साडीचा काठ चौकटीला घासला. या वेळी माझ्या डोक्यात सणक गेली नाही.

माझी पिशवी उचलायला वळले तर टेबलावर तिचं आधारकार्ड राहिलेलं. तिचा फोटो आणि खाली तुंगा कार्तिकेय. मी ते हातात घेतलं. हे कार्ड विसरून गेली तर उद्या सगळीकडे अडेल. मी बाहेर धावले.

गल्लीत ही गर्दी. वकील, स्कूटर, ताकाची गाडी. ती बरीच पुढं गेली होती, रस्ता ओलांडायच्या बेतात. हाक मारायला हवी होती, आणि 'अगं' म्हणून त्या गर्दीत कोण वळणार? मी विचार केला. तिला तिचं नाव द्यावं. कुणी दिलं नसेल इतक्या वर्षांत.

"ईश्वरी!"

ती वळली नाही.

"ईश्वरी! अगं ईश्वरी!"

दुसऱ्याच दोन बायकांनी माझ्याकडे बघितलं. ती चालतच होती. कानाला जे नाव आपलं वाटत नाही ते शेजारून गेलं तरी कळत नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं. जयवंती म्हणून हाक आली तर पहिली काही वर्षं मीही वळत नसे.

ती रस्त्यात उतरली. समोरून सिटी बस येत होती. मी कार्ड छातीशी धरलं आणि आई स्वयंपाकघरातून मारायची तशी, शेवटचं अक्षर लांबवत, जिवाच्या आकांतानं ओरडले.

"तुंगाऽऽ!"

ती थांबली, मागं वळली, आणि तिथूनच म्हणाली, "ओ."